अमक्याची बायको

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगलीला सासरी लक्ष्मीपूजन झालं. चांदीच्या ताटात तांदूळ पसरले होते आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. दोन अक्षरी, सुटसुटीत. जुनं चार अक्षरी होतं, पणजीच्या नावावरून ठेवलेलं. नवं नाव मला आवडलं होतं, खरंच आवडलं होतं. कुणी जुलूम केला नव्हता. पेढे वाटले, सगळ्यांनी नव्या नावाने हाक मारून पाहिली आणि मी ओ दिली. ते तांदूळ पुढे भातात गेले असणार.

ही गोष्ट १९९३ ची. बावीस वर्षांनी, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावी, मी अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज भरत बसले होते. त्या अर्जात एक प्रश्न असतो, तुम्हाला तुमचं नाव कायदेशीर बदलायचं आहे का? पेन हातात धरून मी त्या चौकटीकडे बराच वेळ बघत राहिले. मग पासपोर्ट, बँक, घराचे कागद, मुलांच्या शाळेतले फॉर्म असं सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी "नाही" वर खूण करून पान उलटलं. आता मला जुन्या नावाने हाक मारणारी एकटी आईच उरली आहे.

त्यानंतरच्या वर्षी, २०१६ मध्ये, माझी पहिली अमेरिकन निवडणूक आली आणि तिच्यात एक बाई राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी होती. आईने मिरजेहून फोनवर विचारलं, "बाई उभी आहे म्हणे. मग काय, सगळ्या बायका तिलाच देतील की मत." मी म्हटलं, "हो गं, देतील बहुतेक." मला तेव्हा तसंच वाटत होतं.

हिलरी क्लिंटन ही बाई मला त्याआधी फक्त बातम्यांतून माहीत होती. त्या वर्षी मी तिच्याबद्दल हाताला लागेल ते वाचून काढलं आणि पहिल्यांदा थबकले ती तिच्या नावापाशी. १९७५ मध्ये लग्न झालं तेव्हा तिने आडनाव बदललं नव्हतं. ती हिलरी रॉडमच राहिली. नवरा आर्कान्सॉ राज्याचा गव्हर्नर झाला आणि लोक कुजबुजू लागले, गव्हर्नरची बायको आणि नवऱ्याचं नाव लावत नाही? १९८० मध्ये तो निवडणूक हरला. हरण्याची कारणं बरीच होती. गाड्यांच्या नोंदणीचं शुल्क वाढवलं होतं, क्यूबाहून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत दंगल झाली होती. पण बायकोचं आडनाव हेही एक कारण लोकांनी धरलं. १९८२ मध्ये तो पुन्हा उभा राहिला तेव्हा ती क्लिंटन झाली होती, आणि तो जिंकला. वकील म्हणून नाव कमावलेल्या बाईने नवऱ्याच्या मतांसाठी स्वतःचं नाव खाली ठेवलं. माझ्या ताटात निदान कुणाची निवडणूक नव्हती.

दहा वर्षांनी, मार्च १९९२ मध्ये, नवरा राष्ट्राध्यक्षपदाच्या रिंगणात असताना शिकागोतल्या एका कॉफीच्या दुकानात पत्रकारांनी तिला तिच्या वकिलीवरून छेडलं. ती म्हणाली, घरी बसून बिस्किटं भाजता आली असती, चहापाणी करता आलं असतं, पण मी माझा व्यवसाय करायचं ठरवलं. एवढं एकच वाक्य, पण देशभरच्या घर सांभाळणाऱ्या बायका दुखावल्या. त्यांना वाटलं, ही आपल्याला हिणवते आहे. मग काय झालं ते मला आजही बोचतं. फॅमिली सर्कल नावाच्या बायकांच्या मासिकाने दोन उमेदवारांच्या बायकांकडून बिस्किटांच्या पाककृती मागवल्या आणि वाचकांना मत द्यायला सांगितलं. एका बाजूला बार्बरा बुश, दुसऱ्या बाजूला हिलरी. येल विद्यापीठातून कायदा शिकलेली बाई ओट आणि चॉकलेटच्या बिस्किटांचं प्रमाण लिहून पाठवते, आणि तीच जिंकते.

त्या दुखावलेल्या बायकांची बाजू मला कळते, कारण मी दोन्हीकडे राहिले आहे. मुलं लहान असताना मी सात वर्षं घरी होते. व्हिसावर कामाची परवानगीच नव्हती, तरी मी सगळ्यांना "मुलांसाठी घरी आहे" असंच सांगायचे, आणि ते खोटंही नव्हतं. त्या काळात एखादी नोकरीवाली बाई हसत हसत "तुझं बरं आहे बाई, दुपारची झोप मिळते" म्हणाली की रात्रभर ते वाक्य कानात असायचं. पुढे हिशेबाच्या कामाला लागले तेव्हा एका जुन्या नोकरीत वरिष्ठांनी वर्षाच्या आढाव्यात सांगितलं, तुमचं काम उत्तम आहे, पण बैठकीत तुमचा आवाज जरा चढतो. त्याच बैठकीत टेबलावर मूठ आपटणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला बढती मिळाली होती. मी घरी येऊन आवाज खाली ठेवून बोलायचा सराव केला. आरशासमोर, दार लावून.

म्हणूनच २०१६ च्या उन्हाळ्यात टीव्हीसमोर बसलेला माझा नवरा "हिचा आवाज ऐकवत नाही" म्हणाला, तेव्हा मी चमकले. नवरा चांगला माणूस आहे. मुलीच्या शिक्षणासाठी त्याने जे केलं ते फार थोडे बाप करतात. त्याला ट्रम्पचं सगळं पटत होतं असंही नाही. पण कर कमी होतील, धंद्याची जाण असलेला माणूस आहे, असं त्याला वाटायचं. तिच्याबद्दल मात्र तो धोरणाचं काही बोलायचा नाही. आवाज, हसत नाही, बनावट वाटते, इतकंच. मी म्हटलं, "मुद्दा सांग ना." तेव्हा त्याने मुद्देही सांगितले. खाजगी सर्व्हरवरचे सरकारी ईमेल, २००२ मध्ये इराक युद्धाच्या बाजूने दिलेलं मत, बड्या बँकांत पैसे घेऊन केलेली भाषणं. मुद्दे खरेच होते. मलाही त्यातले दोन खटकत होते. पण ते नंतर आले. आवाज आधी आला होता.

बाहेर तर बांधच फुटला होता. सभांमध्ये लोक तिच्याबद्दल जे शब्द सदऱ्यांवर छापून फिरत होते, ते मराठीत उतरवायला माझा हात धजत नाही. ऑक्टोबरच्या सात तारखेला ट्रम्पची ती २००५ ची ध्वनिफीत बाहेर आली. आपण प्रसिद्ध आहोत म्हणून बायकांच्या अंगाला कुठेही हात लावू शकतो, अशी बढाई तीत होती. आमच्या घरी रात्रीच्या बातम्या चालू होत्या आणि मुलगी जेवत होती. ती तेव्हा पंधरा वर्षांची. नवऱ्याने उठून टीव्ही बंद केला. आम्ही तिघांनी आमटी-भात संपवला. कुणी काही बोललं नाही.

आठ दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, कोजागिरी होती. आमच्याकडची दहा-बारा मराठी कुटुंबं दर वर्षी एकाच्या घरी जमतात. त्याच दिवशी न्यू जर्सीत एडिसनला हिंदूंचा म्हणून एक मोठा कार्यक्रम झाला होता आणि त्यात स्वतः ट्रम्प आले होते. आमच्यातले तिघेजण तिकडे जाऊन थेट कोजागिरीला आले. ते तळघरात पुरुषमंडळींना वर्णन करून सांगत होते आणि ट्रम्पच्या कौतुकाचे सूर जिन्यावरून वर येत होते. वर स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात दूध आटत होतं. केशराच्या काड्या तळहातावर चुरून कुणी टाकल्या, कुणी कडेची साय मोडून परत दुधात ढकलत होतं. आम्ही सात-आठ बायका ओट्याभोवती उभ्या होतो.

विषय निघालाच. मी धरून चालले होते की इथे तरी सगळ्या एका बाजूला असतील. एक जण, माझ्याहून वयाने मोठी, शांतपणे म्हणाली, "मला नाही बाई ती आवडत. नवऱ्याने एवढे पराक्रम केले आणि ही तिथेच राहिली. कसला स्वाभिमान?" दुसरी म्हणाली, "आणि सोडून गेली असती तर? घर सांभाळता आलं नाही, देश काय सांभाळणार, असं आपणच म्हटलं असतं." पहिली म्हणाली, "खरं आहे. पण तरी नाही आवडत." तिसरी, डॉक्टर आहे, पातेल्यात डाव फिरवत म्हणाली, "बाई राष्ट्राध्यक्ष व्हायला हवी, शंभर टक्के. पण ही नको."

ही नको. त्या रात्रीपासून हे दोन शब्द माझ्या कानात बसले. आपल्याकडे मुलगी बघून आल्यावर हेच म्हणत. मुलगी शिकलेली आहे, चांगल्या घरची आहे, पण ही नको. का नको, याचं उत्तर कुणी मागत नसे. दूध चांदण्यात ठेवायला म्हणून आम्ही मागच्या अंगणात गेलो. थंडी पडली होती, दुधावर लगेच साय धरली.

आमच्या शेजारणीबद्दल सांगायला हवं. आमच्या आधीपासून ती या गल्लीत आहे. शाळेच्या उपाहारगृहात काम करायची. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात तिने भाजलेला झुकिनीचा पाव आणून दिला होता आणि त्यात अंडं आहे हे स्वतःहून सांगितलं होतं. बेथलेहेम म्हणजे पोलादाचं गाव. १९९५ मध्ये इथल्या भट्ट्या थंडावल्या. लीहाय नदीकाठी त्या अजून उभ्या आहेत, गंजलेल्या, आणि रात्री त्यांच्यावर रंगीत दिवे सोडतात. पायथ्याशी आता गाण्याचे कार्यक्रम होतात, शेजारी कॅसिनो आहे. शेजारणीचा नवरा जवळच्याच एका छोट्या कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग बनवायचा. त्याचं काम मेक्सिकोला गेलं. मग तो गोदामात रात्रपाळी करू लागला, अर्ध्या पगारावर.

तिच्या अंगणात ट्रम्पची पाटी लागली तेव्हा मला धक्का बसला. मी एका सकाळी पानं गोळा करता करता विचारलंच. म्हटलं, ती ध्वनिफीत ऐकून तुला काही वाटलं नाही? ती दाताळं कुंपणाला टेकवून म्हणाली, वाटलं, किळस आली. पण असं बोलणारे पुरुष मी जन्मभर ऐकले आहेत. हिलरीच्या नवऱ्याने ज्या कागदावर सही केली त्या कागदाने आमचं घर खाल्लं, ते मी कसं विसरू?

तो कागद म्हणजे मेक्सिको आणि कॅनडाबरोबरचा व्यापार करार, जानेवारी १९९४ पासून लागू झालेला. तो लागू करणाऱ्या कायद्यावर सही बिल क्लिंटनची होती. मी बोलायला तोंड उघडलं, की सही तिची नव्हती, तिच्या नवऱ्याची होती. मग गप्प बसले. चाळीस वर्षांच्या सार्वजनिक आयुष्यानंतर, न्यूयॉर्कची सेनेटर आणि देशाची परराष्ट्रमंत्री होऊनही ही बाई माझ्या शेजारणीच्या लेखी अमक्याची बायकोच होती. त्याच वेळी दुसरंही डोक्यात होतं. परराष्ट्रमंत्री असताना तिने स्वतः तसल्याच दुसऱ्या व्यापार कराराचं तोंड भरून कौतुक केलं होतं आणि निवडणुकीच्या तोंडावर शब्द फिरवला होता. शेजारीण मूर्ख नव्हती. तिच्या घरातला हिशेब तिला ठाऊक होता.

आठ नोव्हेंबरला मी चर्चच्या तळघरातल्या केंद्रावर गेले. पहिलंच मत, म्हणून ओळखपत्र दाखवावं लागलं. त्यावर नवं नाव, नवऱ्याचं आडनाव. रांगेत एक म्हातारी पांढरा कोट घालून आली होती. मताचा हक्क मागणाऱ्या बायका शंभर वर्षांपूर्वी पांढरं नेसून मिरवणुका काढत, त्यांची आठवण म्हणून. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला सूझन अँथनीच्या थडग्यापाशी त्या दिवशी सकाळपासून रांग होती आणि बायका "मी मत दिलं" असं लिहिलेले स्टिकर तिच्या दगडावर चिकटवत होत्या. १८७२ मध्ये या बाईने मत दिलं म्हणून तिला अटक झाली आणि शंभर डॉलर दंड झाला. तिने तो कधीच भरला नाही. आपल्याकडे मतदानानंतर बोटाला शाई लागते, इथे स्टिकर मिळतो. माझा मी कोटावर लावला आणि दिवसभर काढला नाही.

रात्री पेनसिल्व्हेनिया गेलं. साठ लाखांच्या आसपास मतांत जेमतेम ४४ हजारांचा फरक. मिशिगन आणि विस्कॉन्सिनही तसेच निसटते गेले. देशभरात तिला जवळजवळ २९ लाख मतं जास्त पडली, पण इथे राज्यांच्या निर्वाचक मतांवर ठरतं, आणि ती त्याच्याकडे होती. ज्या आमच्या नॉर्थॅम्प्टन काउंटीने चार वर्षांपूर्वी ओबामाला निवडलं होतं, तिने ट्रम्पला निवडलं. मुलगी कोचावर झोपली होती. नवऱ्याने तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी त्याला नाही दिलं. तिलाही नाही दिलं. ती ओळ कोरी सोडली." मला त्याचा राग आला आणि दयाही आली.

मग आकडे आले. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीत काळ्या बायकांपैकी ९४ टक्के क्लिंटनच्या मागे, आणि गोऱ्या बायकांपैकी ५२ टक्के ट्रम्पच्या. पुढे प्यू संशोधन केंद्राने प्रत्यक्ष मतदान केलेल्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा गोऱ्या बायकांचा आकडा ट्रम्पकडे ४७, क्लिंटनकडे ४५ असा निघाला. म्हणजे जवळजवळ निम्म्या निम्म्या. त्यातही शिक्षणाची रेघ होती. पदवी असलेल्या क्लिंटनकडे झुकलेल्या, पदवी नसलेल्या ट्रम्पकडे, त्याही फार मोठ्या फरकाने. आईचा फोन आला. "बायकांनी नाही दिलं का गं?" मी म्हटलं, "दिलं. सगळ्यांनी नाही."

त्या हिवाळ्यात आमच्या वर्तुळात, माझ्यासकट, एकच स्पष्टीकरण फिरत होतं. गोऱ्या बायका नवऱ्यांच्या म्हणण्याने मत देतात. ते उत्तर सोयीचं होतं. शेजारणीकडे बघताना मी तेच मनात म्हणायचे आणि मला बरं वाटायचं.

मार्च २०१८ मध्ये आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी मिरजेला गेले होते. तेव्हा हिलरी क्लिंटन मुंबईत एका परिषदेला आल्या होत्या. आई हिरवी पट्टी बांधून पडली होती, मी टीव्हीचा आवाज कमी करून बघत होते. गोऱ्या बायकांनी तुम्हाला मत का दिलं नाही, यावर त्या म्हणाल्या, की त्यांच्यावर नवऱ्याच्या, साहेबाच्या, मुलाच्या मताप्रमाणे मत देण्याचा सततचा दबाव असतो. अमेरिकेत यावरून गदारोळ उठला आणि पुढे कुणाचा अनादर करायचा नव्हता, असं त्यांनी सांगितलं. तसा दबाव कुठेच नसतो, असं मी म्हणणार नाही. पण मला ते वाक्य ऐकताना आनंद व्हायला हवा होता, कारण मी दीड वर्ष तेच म्हणत होते. तो झाला नाही.

कारण आई पट्टीआडून बोलत होती. टीव्हीवर निवडणुकीचं काही चाललंय एवढं तिला कळलं होतं आणि तिने तिच्या सासूची, म्हणजे माझ्या आजीची गोष्ट काढली. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीची. नावं लिहून घ्यायला मास्तर आले तेव्हा आजी दाराआड उभी राहून म्हणाली, "लिहा, अण्णांच्या घरातलं." मास्तरांनी तिला तीनदा विचारलं, तेव्हा कुठे तिने आपलं नाव सांगितलं. ज्यांनी सांगितलंच नाही त्यांचं काय झालं ते मी नंतर वाचलं. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. देशात जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्या अमक्याची आई, तमक्याची बायको यापलीकडे काही सांगायला तयार नव्हत्या. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या. सेन यांनी ठरवलं होतं, की नुसतं नातं लिहिलेलं चालणार नाही, बाईचं स्वतःचं नाव हवं. आमच्याकडे बाईने "नाव घ्यायचं" म्हणजे उखाण्यात नवऱ्याचं. स्वतःचं नाव घे, असं तिला पहिल्यांदा त्या मास्तरांनी सांगितलं असेल.

आजीने पुढे मत दिलं. कुणाला, ते कुणालाच सांगितलं नाही. आजोबांनी विचारलं तेव्हा म्हणे, "पेटीला विचारा" असं उत्तर मिळालं.

आईच्या खाटेशी बसून मला कळलं, की मी माझ्या शेजारणीचं नाव यादीतून खोडत होते. तिचं मत मला पटत नव्हतं, म्हणून मी ते तिच्या नवऱ्याच्या खात्यावर टाकलं होतं. मला तिच्याशी भांडता आलं असतं. करारावर, करांवर, त्या ध्वनिफितीवर. त्याऐवजी मी तिला अमक्याची बायको करून मोकळी झाले. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांना मत देण्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या संघटनांमध्ये बायकाच पुढे होत्या, आणि त्यांचं एक म्हणणं असं होतं, की घराचं मत नवरा देतोच, बाईला वेगळं कशाला हवं. मी त्यांच्यावर चिडायचे. शेवटी मीही तेच गृहीत धरत होते, फक्त दुसऱ्या टोकाकडून.

२०२४ च्या जुलैत बायडन यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस उभ्या राहिल्या. त्यांच्या आईचं नाव श्यामला गोपालन, माहेर तमिळ. आमच्या मंडळात उत्साह होता आणि लगेच कुरबुरीही. पहिलीबद्दल म्हणत होते हसत नाही, हिच्याबद्दल म्हणू लागले फार हसते. कोजागिरीला दूध आटत असताना एक तरुण सून म्हणाली, "बाई असायला काही हरकत नाही हो काकू, पण ही नको." मी काही बोलले नाही, पातेल्याखालचा गॅस बारीक केला. त्याच सुमाराला कार्नेगी संस्थेने भारतीय वंशाच्या मतदारांची पाहणी केली होती. बायकांपैकी ६७ टक्के हॅरिस यांच्याकडे, पुरुषांपैकी ५३ टक्के. आमच्या तळघरातली आणि स्वयंपाकघरातली माणसं मोजली असती तरी असंच काहीसं निघालं असतं. आणि तरुण मुलं, इथेच जन्मलेली, बापांपेक्षा जोरात ट्रम्पची बाजू घेत होती. माझा भाचाही.

दोन वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढून घेतला होता. मुलगी तेवीस वर्षांची झाली होती, टेक्ससमध्ये नोकरी करत होती. मला ही निवडणूक तिच्या अंगावरून चाललेली दिसत होती. नवऱ्यालाही. या खेपेला त्याने ओळ कोरी सोडली नाही, एवढं त्याने आपणहून सांगितलं.

ऑक्टोबरअखेर टर्नपाइकवरून, म्हणजे टोलच्या महामार्गावरून, येताना मी एका थांब्यावर उतरले. बायकांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. त्या महिन्यात अशा चिठ्ठ्या ठिकठिकाणी लावल्या जात होत्या. बाईंनो, तुमचं मत गुप्त असतं, तुमच्या नवऱ्याला कळणार नाही. निळ्या शाईचं गोल अक्षर. त्याच्या खाली दुसऱ्या कुणीतरी, काळ्या पेनाने, घाईत लिहिलं होतं, मला माहीत आहे, आणि मी ट्रम्पलाच देणार आहे. मी दार उघडायचं विसरून ते दोनदा वाचलं. मला वाईट वाटलं. पण चिठ्ठी मी काढली नाही. दोघींनीही आपापलं लिहिलं होतं.

शेजारणीचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. गुडघ्यांमुळे ती आता गाडी चालवत नाही. पाच नोव्हेंबरला सकाळी तिचा फोन आला, केंद्रावर नेशील का? अंगणात पाटी तीच होती. या वर्षी तिने ती स्वतः रोवली होती, हातोडीने. मी तिला गाडीत बसवलं, तिची काठी मागे ठेवली.

वाटेत नदीवरच्या पुलावर ती म्हणाली, "तुझं एक, माझं एक. आपण दोघी घरी बसलो असतो तरी निकाल तोच लागला असता."

मी म्हटलं, "मग फिरवू का गाडी?"

"छे," ती म्हणाली, "गाडी पुढे घे. रांग वाढेल."

तळघरात उतरायला तिला वेळ लागला. मी हात दिला, तो तिने घेतला. टेबलामागच्या मुलाने तिला नाव विचारलं. तिने पहिल्यांदा तिचं, मग माहेरचं, मग नवऱ्याचं आडनाव सांगितलं. त्याला नीट ऐकू आलं नाही. तेव्हा तिने टेबलावर दोन्ही हात टेकले आणि एकेक अक्षर सुटं करून, सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा आवाजात, पुन्हा सांगितलं.